नामबंधूंची वही

धामापूरच्या तळ्याकाठी वास करणाऱ्या, सहस्र नामांनी आळवली जाऊनही कोणाच्याच नावात न मावणाऱ्या श्रीभगवतीच्या चरणी मस्तक ठेवून हे चार शब्द लिहितो. आज सर्वपित्री अमावास्या. सकाळी तर्पण चालू असता आमच्या सूनबाई दाराशी उभ्या होत्या. सर्व आटोपल्यावर त्यांनी विचारले, "मामंजी, एकच नाव आपण दोनदा घेतलंत. विसरलात की काय?" विसरलो नव्हतो. गेली कित्येक वर्षे या दिवशी मी त्या नावाने दोनदा तिलोदक देतो. त्यांना तोंडी उत्तर दिले. पण ते लिहून ठेवावे असेही वाटले, म्हणून हा प्रपंच.

ते नाव मात्र मी येथे देणार नाही. त्यात गुपित काही नाही. दिले तर ते नेमके कोणाचे, हे सांगण्यात पुन्हा एवढाच मजकूर लिहावा लागेल. गावात त्या गृहस्थांना गॅझेटमामा म्हणत. आपणही तसेच म्हणू.

मी ज्या दिवसांविषयी सांगतो आहे, तेव्हा मुंबई राज्य होते आणि मालवणाहून मुंबईला आगबोट जात असे. गॅझेटमामा मुंबईच्या एका छापखान्यात तीस वर्षे प्रूफरीडर होते. त्या छापखान्यात सरकारी राजपत्र, म्हणजे गॅझेट, छापले जाई. निवृत्तीनंतर ते धामापुरास एकटेच राहू लागले. पत्नी पूर्वीच निवर्तली होती, मूलबाळ नव्हते. गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, कानावर तांबडी-निळी पेन्सिल आणि दारावर मुंबईहून आणलेली नावाची पितळी पाटी, अशी त्यांची ओळख. आमच्या वाडीत तेव्हा दुसरी पाटी नव्हती, कारण कोणाचे घर कोणते हे गुरांनादेखील ठाऊक होते.

छापलेली कोणतीही गोष्ट ते शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे वाचीत. अर्थाच्या ओघात चूक निसटते, असे त्यांचे म्हणणे. देवळातील जत्रेची सूचना ते अशी उलटी वाचू लागले की मुले भोवती जमत. लग्नाची निमंत्रणपत्रिका आली तर ती तांबड्या खुणा करून यजमानास परत जाई. यजमान म्हणे, "मामानू, पाचशे छापून वाटलंय, आता खुणा करून काय करू?" मामा शांतपणे सांगत, "छापलेले चुकीचे असू शकते. पण ते छापलेले राहते." ते स्वतः मालवणी बोलत नसत. तीस वर्षे छापील मजकुराच्या सहवासात राहिल्यामुळे असेल, ते पेज वाढणाऱ्या बाईशी आणि गोठ्यातल्या म्हशीशीही शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत.

एकदा छापखान्यात पेटंटांच्या सूचनांचे प्रूफ वाचत असता त्यांना त्यात स्वतःचे नाव दिसले. स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव, तिन्ही अक्षरशः तीच. नारळाच्या सोडणापासून काथ्या वेगळा करण्याच्या यंत्राचे ते पेटंट होते. मला, गावच्या भटजीला, हे सांगताना ते म्हणाले, "गुरुजी, प्रथम मला वाटले, आपणच काहीतरी शोधले आणि विसरलो."

त्या दिवसापासून त्यांनी एक वही सुरू केली. आपले संपूर्ण नाव धारण करणारा मनुष्य सरकारी कागदात कोठेही आढळला की त्याची नोंद करायची: वकिलांच्या यादीत, भूमापकांच्या बढत्यांत, वैद्यांच्या नोंदणीपुस्तकात, पेटंटांत. प्रत्येक पानावर नाव, गाव, व्यवसाय, आणि शेवटी 'आधार' असा रकाना. त्यात राजपत्राचा भाग व पृष्ठ. मी वही प्रथम पाहिली तेव्हा दहा नोंदी होत्या. दोन पेटंटधारक, तीन वकील, एक भूमापक, एक पशुवैद्य, आणि असेच इतर. त्यांना ते नामबंधू म्हणत. वही पावसाळ्यात पोफळीच्या विरीत, म्हणजे तिच्या झावळीच्या रुंद देठाच्या सालीत, गुंडाळून माळ्यावर ठेवलेली असे.

वहीचे पहिले पान कोरे होते. एकदा देवळाच्या पायरीवर कोणी विचारले, "मामानू, पयल्या पानार कोण?"

"ते पान राखून ठेवले आहे."

"कोणासाठी?"

मामांनी वही मिटली. तीस वर्षे त्यांनी हजारो लोकांची नावे निर्दोष छापून घेतली, परंतु त्यांचे स्वतःचे नाव राजपत्रात कधी आले नव्हते. छापखान्यातील प्रूफरीडराची नोंद कोण करतो? हे ते बोलत नसत. पण ते पान बोलत असे.

काथ्याच्या यंत्राचा त्यांना विशेष अभिमान होता. देवळापुढच्या चिऱ्यावर कोळशाने आकृती काढून ते समजावीत असता, आयुष्यभर सोडणे कुटून दोऱ्या वळणारी एक म्हातारी ऐकत उभी राहिली. ती म्हणाली, "मामानू, तुमच्या त्या भावाक एक पत्र धाडा. म्हणा, यंत्र मगे धाड, आधी माझे हात बघूक ये." सगळे हसले. मामांनी मात्र खरोखरच पत्र पाठवले. दोन महिन्यांनी उत्तर आले. त्या सद्गृहस्थांनी लिहिले होते की, यंत्र प्रत्यक्ष कधी बनलेच नाही, पेटंटाची मुदत सरली आहे, आणि केवळ नाव एक असल्याने ओळख का वाढवावी हे आपणास कळत नाही. मामांनी ते उत्तर वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आणि त्याखाली स्वतःसाठी नियम लिहिला: 'नामबंधूंस भेटू नये. लिहू नये. कागद पुरेसा आहे.'

परंतु बंधुत्व ते पाळीत. एखादा नामबंधू वारल्याचे वर्तमानपत्रात वाचले की मला विचारायला येत.

"गुरुजी, सूतक किती दिवस?"

मी सांगे, "सपिंडांना, म्हणजे जवळच्या भाऊबंदांना, दहा दिवस; दूरच्या समानोदकांना तीन. नाव एक असल्याने सूतक लागत नाही."

"मुळीच नाही?"

"वार्ता कळल्यावर स्नान करावे. एवढे कोणाच्याही मृत्यूनंतर योग्यच."

मग ते तळ्यावर जात आणि अंगावरच्या कोटासकट बुडी मारीत. सचैल स्नान म्हणजे वस्त्रांसह, हे त्यांनी कोठेतरी वाचले होते. कपडे धुणाऱ्या बाया विचारीत, "आज खंयचो गेलो, मामानू?" ते ओल्या कोटाने उत्तर देत, "नागपूरचे वकील." पितृपक्षात ते माझ्यासमोर बसून दिवंगत नामबंधूंना तिलोदक देत. त्यांची गोत्रे ठाऊक नसत. अज्ञात गोत्रास काश्यप म्हणावे असा संप्रदाय आहे, तो मी त्यांना सांगितला होता. शास्त्राने ज्यास मनाई केली नाही आणि ज्यात कोणाचे वाईट नाही, त्यास मी का अडवावे?

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

कसालच्या पलीकडे एका वाडीत वैद्यांचे जुने घर होते. तेथील मोठे वैद्य पंच्याऐंशी वर्षांचे होऊन फाल्गुनात वारले. त्यांचे क्रियाकर्म मीच केले. परत आलो त्या दिवशी गॅझेटमामा माझ्या ओसरीवर वाट पाहत होते.

"कसालकडचे वैद्य गेले असे ऐकतो."

"होय," मी म्हणालो.

त्यांच्या वहीत मागाहून पडलेली अकरावी नोंद होती ती: कसालकडील वैद्य, नोंदणीपुस्तकातील क्रमांकासह. मला ते ठाऊक नव्हते. मी "होय" म्हणालो ते खरे होते; ते अपुरे आहे, हे मला कळले नाही. मामांनी स्नान केले आणि, मृताचे नाव नोंदणीपुस्तकात राहणे ही अशुद्धी होय असे वाटून, वैद्यनोंदणीच्या कचेरीस एक पोस्टकार्ड टाकले: अमुक क्रमांकाचे वैद्य दिवंगत झाले आहेत, नोंद शुद्ध करावी. खाली आपली सही.

त्या घराची रीत येथे सांगितली पाहिजे. आमच्याकडे आजोबांचे नाव नातवास ठेवतात, त्यामुळे एक पिढी सोडून संपूर्ण नाव तेच येते. मोठ्या वैद्यांच्या नातवाचेही नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव आजोबांसारखेच होते. हा मुलगा पुण्याहून आयुर्वेदाची परीक्षा उत्तीर्ण होऊन आला होता. नोंदणी त्याची होती. आजोबांनी परंपरेने वैद्यकी केली, नोंदणीच्या फंदात ते कधी पडले नाहीत. आणि त्या घरात मुलाला त्याच्या नावाने कोणी हाकच मारीत नसे. त्याची आई सासऱ्यांचे नाव घेणार कशी? ती त्याला बाबू म्हणे, म्हणून सारी वाडी बाबू म्हणे. मीही त्याला बाबू वैद्य म्हणूनच ओळखत होतो. त्याचे खरे नाव उच्चारणारे एकच ठिकाण होते, ते म्हणजे सरकारी नोंदणीपुस्तक. मामांच्या पोस्टकार्डाने तेथूनही ते पुसले गेले.

भाद्रपदात हे उघड झाले. कसालजवळ लोकल बोर्डाचा आयुर्वेदिक दवाखाना व्हायचा होता आणि बाबू वैद्याने त्यासाठी अर्ज केला होता. अर्ज परत आला. वर शेरा होता की अर्जदाराचे नाव मृत म्हणून कमी झाले आहे, तरी अर्जदाराने खुलासा करावा. कसालच्या बाजारात थट्टा सुरू झाली. "मेलेल्यान खुलासो कसो करूचो?" रोगी मात्र थट्टा करीत नव्हते. नोंदणी नसलेल्या वैद्याकडून औषध घेतले तर आपल्यावर काही येईल, या भीतीने ते येईनासे झाले. दिवाळीपूर्वी बोर्ड दुसरा मनुष्य नेमणार होते.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी मामा आणि मी तळ्याच्या पायरीवर बसलो होतो. मामांच्या बोटात दर्भाचे पवित्रक, ओंजळीत तिळाचे पाणी, मांडीवर वही. कसालच्या वैद्यांचे नाव त्यांनी नुकतेच उच्चारले होते. इतक्यात मागून आवाज आला.

"तुम्हीच मा ते गॅझेटवाले?"

बाबू वैद्याची आई होती. आधी ती त्यांच्या घरी गेली होती; कुलूप पाहून येथे आली. कचेरीने पोस्टकार्ड धामापुराहून आल्याचे कळवले होते.

"तुम्ही माझ्या बाबूक मारलास," ती म्हणाली. "काय केल्लान तेणा तुमचा?"

मामा गोंधळले. "बाई, मी कोणासही मारलेले नाही. पूर्ण नाव सांगा, म्हणजे नोंद पाहता येईल."

"नाव माझ्या तोंडात येवचा नाय. मामंजींचा नाव ता."

"नावाशिवाय मी काय शोधू?"

"तुमच्या दारार पितळेची पाटी आसा ना? त्या पाटयेर जा नाव आसा, ताच!"

मामांनी वहीकडे पाहिले. मग माझ्याकडे. "गुरुजी, गेले ते कोण?"

"मोठे वैद्य. हिचे सासरे."

"आणि नोंदणी?"

"माझ्या झिलाची," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षांचो झील. जिवंत आसा, घरात बसलो आसा, कोणाक तोंड दाखवणा नाय."

मामांची ओंजळ सुटली. बोटांमधून पाणी पायरीवर गळले. ते मला म्हणाले, "जिवंत माणसाला मी पाणी दिले."

मी म्हणालो, "आपण नाव घेतलेत, ते मोठ्या वैद्यांचेही होते. पाणी त्यांना पोहोचले. पितरांच्या कचेरीत एका नावाच्या दोघांची गल्लत होत नाही." हे मी त्यांच्या समाधानासाठी म्हटले नाही, माझा तसा विश्वास आहे.

पावसाळा सरून आगबोटी नुकत्याच पुन्हा सुरू झाल्या होत्या. मामा, बाबू वैद्य आणि मोठ्या वैद्यांच्या क्रियाकर्माचा साक्षी म्हणून मी, असे तिघे मालवणाहून मुंबईस निघालो. स्वतःचा नियम मोडून मामांनी प्रत्यक्ष पाहिलेला तो पहिला नामबंधू. बोटीवर दोघांचे बोलणे फारसे झाले नाही. मामांना बोट लागली तेव्हा मुलाने त्यांना आवळासुपारी दिली आणि मनगट धरून नाडी पाहिली. मामांनी ते मनगट तसेच राहू दिले.

वैद्यनोंदणीच्या कचेरीतील कारकून राजापूरकडचे होते. त्यांनी कागद काढले.

"अर्ज कोणाचा?"

"यांचा," मामा म्हणाले.

"मृत्यू कोणी कळवला?"

"मी."

कारकुनांनी दोन्ही सह्या पाहिल्या. "नाव तर एकच आहे. मग मेलंय कोण?"

"तिसरा," मामा म्हणाले.

कारकून खुर्चीत मागे टेकले. ते म्हणाले, "पोस्टकार्डावर तेच नाव पाहून मला वाटलं, नातू आजोबांचं कळवतो आहे. आमच्या घरीही असंच. मीही आजोबांच्याच नावाचा." चूक अशी की ती कोकणातल्या माणसाने लिहावी आणि कोकणातल्याच माणसाने खरी मानावी. मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. कचेरीचे साहेब सज्जन होते. ते म्हणाले, "नोंद कायम करतो. राजपत्रात शुद्धिपत्र देऊ, कचेरीची नजरचूक म्हणून. आपलं नाव मध्ये आणायला नको. आपलं वय झालंय."

आता मामांना घरी परत जाता आले असते. मुलाचे काम झाले होते. तीस वर्षांत एकही शुद्धिपत्र निघू न दिलेला तो मनुष्य. त्याच्या अब्रूवर ओरखडा न येता प्रकरण मिटत होते. मामांनी कानावरची पेन्सिल काढली, साहेबांच्या मसुद्यावर वाकले आणि विचारले, "परवानगी आहे?" मग 'कचेरीच्या नजरचुकीने' हे शब्द तांबड्या रेघेने खोडून त्यांनी समासात आपले संपूर्ण नाव लिहिले आणि पुढे: 'मुंबईच्या छापखान्यातील निवृत्त प्रूफरीडर, राहणार धामापूर, यांनी चौकशी न करता दिलेल्या खोट्या माहितीवरून'.

"खोटी कशाला?" साहेब म्हणाले. "अपुरी म्हणा."

"मी पाहायला गेलो नव्हतो," मामा म्हणाले. "खोटीच."

शुद्धिपत्र छापून आले तेव्हा मामा माझ्याकडे राजपत्राचा अंक घेऊन आले आणि म्हणाले, "कसालला जायचे आहे." आम्ही गेलो. वैद्यांच्या अंगणात ते तुळशीपाशी उभे राहिले आणि त्यांनी अंक उघडला. या वेळी त्यांनी उलटे वाचले नाही. पहिल्या शब्दापासून, मोठ्याने वाचले. ते नाव त्यात दोनदा होते: एकदा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे, एकदा ज्याने केला त्याचे. बाबूची आई दारात होती. नाव कानी पडताच तिने पदर डोक्यावर ओढला आणि सासऱ्यांच्या तसबिरीकडे वळून हात जोडले. दुसऱ्यांदा नाव आले तेव्हा ती मामांकडे पाहत होती.

मामांनी अंक मिटला. आणि ज्या मनुष्याच्या तोंडून मी दहा वर्षांत मालवणीचा एक शब्द ऐकला नव्हता, तो म्हणाला, "बाय, माका माफ कर गो."

ती उंबरठ्यावरून बाजूला झाली. मग म्हणाली, "वाचून झाला मा? मगे घरात येवा. दारात उभ्यान कोण पावनो रवता?"

दवाखाना बाबू वैद्याला मिळाला. गॅझेटमामा पुढे सहा-सात वर्षे जगले. शेवटच्या आजारात औषध त्याचेच होते. ते गेले तेव्हा तो कसालहून आला, अग्नी त्यानेच दिला, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तळ्यात स्नान केले. नंतर मला विचारले, "गुरुजी, सूतक किती?" मी तेच उत्तर दिले. त्याने ते ऐकून घेतले आणि दहा दिवस पाळले.

वही त्याने मला दाखवली. पहिल्या पानावर राजपत्रातील शुद्धिपत्राचे कात्रण चिकटवले होते, भाग व पृष्ठासह. मामांची स्वतःची नोंद ती तेवढीच. बाराव्या पानावर, वैद्यांच्या अकराव्या नोंदीत, 'आधार' या रकान्यातील राजपत्राचा उल्लेख तांबड्या रेघेने खोडला होता. त्याजागी त्यांच्या बारीक अक्षरात दोनच शब्द होते: 'प्रत्यक्ष पाहिले.'

म्हणून मी हे नाव दोनदा घेतो, एकदा मोठ्या वैद्यांसाठी आणि एकदा मामांसाठी. मामांचे गोत्र मला ठाऊक आहे. काश्यप म्हणावे लागत नाही.

वाचकहो, आपल्या घरी पूर्वजांची नावे लेकरांच्या रूपाने नांदोत. ज्यांचे नाव मर्यादेपोटी ओठांवर येत नाही, त्यांना मायेच्या हाकांची वाण न पडो. आपल्या हातून अजाणता कोणावर अन्याय घडला असेल, तर तो आपल्याच तोंडाने, त्याच्याच अंगणात उभे राहून सांगण्याचे धैर्य श्रीभगवती आपणास देवो, आणि सांगून झाल्यावर आत बोलावणारे कोणीतरी त्या दारात उभे असो. आपल्या कुळाचे, गुरावासरांचे, उंबरठ्याच्या आतल्या-बाहेरच्या सर्वांचे कल्याण होवो.